रविवारी मी घरीच असतो

मित्रांनो, माझ्याकडं बघून नाक मुरडू नका. काच कोपऱ्यातून तडकलीय, पाठीचं झाकण रबरबँडनं बांधलंय, आणि सकाळी कितीही चार्ज केलं तरी दुपार कलली की मी मान टाकतो. माणसाच्या हिशेबात माझं वय काहीच नाही, पण आम्हा मोबाईलच्या जातीत एवढ्यात म्हातारपण येतं. मी जुना झालोय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी फसवलं म्हणायला नको.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका सरकत्या पट्ट्यावर माझी भावंडं माझ्यासारखीच आडवी पडून पुढं जात होती. कुणी डोळा बसवला, कुणी कान बसवला, कुणी पोटात बॅटरी घातली. लाड कुणी केले नाहीत. डोळे उघडले ते थेट शिरूरच्या एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानात. तिथून मला सत्यजीतनं उचललं.

सत्यजीत निमोण्याचा. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर काम करतो, कॉन्ट्रॅक्टवर. तिशी कधीच उलटली. अंगानं दणकट, बोलायला मात्र लाजरा. मला घरी नेलं त्या दिवशी त्याच्या आईनं, साखरबाईंनी, मला देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्या कुंकवाचा एक कण अजून माझ्या कानात आहे, म्हणून आवाज जरा घोगरा येतो. पण तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही, म्हणून त्या कुंकवाबद्दल माझी तक्रार नाही.

सत्यजीतच्या कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत. गेटवर ठेवला तर हरवायची भीती. शिवाय विहिरीवरच्या मोटारीला माझ्यावरूनच फोन लावायचा असतो. फोन लावला की मोटार सुरू होते, वीज कधी येईल याचा काही नेम नाही, म्हणून कुणीतरी घरी माझ्यापाशी लागतंच. मग सत्यजीत कामावर आणि मी घरी फळीवर, अशी आमची वाटणी झाली. माझं कुलूप म्हणजे बोटानं ओढायची एक साधी रेघ. अख्ख्या घराला ती पाठ. साखरबाई माझ्यावरून बहिणीशी बोलायच्या, शेजारणी माझ्यावर कांद्याचा बाजार बघायच्या, पाहुणे आले की पोरं माझ्यावर गाड्या पळवायची. कागदोपत्री मी सत्यजीतचा, पण राबायचो सगळ्या आळीसाठी. हात दमतात, पाय दमतात, तसे आम्हीही दमतो हो. फक्त आम्हाला 'बस जरा' असं कुणी म्हणत नाही.

आता खरं दुखणं सांगतो. सत्यजीतचं लग्न जमत नव्हतं.

स्थळं बघून झाली. मुलीकडच्यांनी पोहे दिले, चहा दिला, शेती किती, नोकरी पर्मनंट आहे का, पुण्यात फ्लॅट आहे का, सगळं विचारून घेतलं. आणि मग काहीच नाही. नकार द्यायला सुद्धा कुणी फोन केला नाही. सत्यजीत जेवताना मला ताटाशेजारी ठेवायचा आणि दर घासाला माझ्याकडं बघायचा. मी काय करणार? वाजायला समोरून कुणी लावावं लागतं ना! पुढं पुढं त्यानं बघायला जाणंच सोडलं. "आई, आता मला नटवून कुठं नेऊ नकोस," म्हणाला. साखरबाई पदर डोळ्याला लावून चुलीकडं वळल्या.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्यानं माझ्यात एक जुळणीचं ॲप घेतलं. त्यात अनोळखी माणसांचे फोटो दिसतात. आवडला तर उजवीकडं सरकवायचा, नाही आवडला तर डावीकडं. दोघांनीही एकमेकांना उजवीकडं सरकवलं, की बोलायची वाट मोकळी होते. सत्यजीतच्या बोटाला इतका घाम आला होता की मला ते ओळखायलाच वेळ लागला.

तिथं त्याला सायली भेटली. दौंडची. एका खासगी दवाखान्यात नर्स. ती पहिल्यांदा फक्त 'नमस्कार' म्हणाली, आणि सत्यजीतनं उत्तर लिहायला अर्धा तास घेतला. लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी काय लिहिलं, तर 'नमस्कार'. मी कपाळावर हात मारला असता, पण हात नाहीत.

पण हळूहळू जमलं. तो विचारायचा, डबा खाल्ला का. ती सांगायची, आज एका आजोबांनी सलाईन काढून घरी पळ काढला, त्यांना रिक्षा स्टँडवरून परत आणलं. तो हसायचा. इतके दिवस मी त्याला ओळखतो, पण असं एकट्यानं हसताना तेव्हाच पाहिलं. तिचं आधी एकदा ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, आणि तिकडच्यांनी लग्न मोडलं, हेही तिनं सांगितलं. 'का मोडलं?' सत्यजीतनं विचारलं. 'सांगितलंच नाही,' तिनं लिहिलं. त्यावर सत्यजीतनं लिहिलं, 'मला पण कुणी सांगत नाही.' मित्रांनो, प्रेमाची वाक्यं मी पुष्कळ वाहून नेलीत, पण या एवढ्या वाक्यानं ती दोघं जेवढी जवळ आली तेवढं कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

फोन नंबर तिनं दिला नव्हता. 'आधी भेटू, मग बघू,' म्हणाली होती. आणि भेट ठरली. येत्या रविवारी, तिला सकाळची ड्युटी नसते तेव्हा, अकराच्या सुमारास, दौंड स्टेशनासमोरच्या एका चहाच्या हॉटेलात. सत्यजीतनं निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

आणि त्याच आठवड्यात केडगावहून पोपटमामा आले.

पोपटमामा म्हणजे साखरबाईंचे भाऊ. दौंड आणि शिरूर तालुक्यांत सोयरिकी जुळवणं हा त्यांचा छंद. लोक म्हणतात, मामांनी हात लावला की दगडालाही मांडव घालता येतो. एवढ्या जणांची लग्नं लावली, पण सख्खा भाचा तेवढा बिनलग्नाचा, हे त्यांना फार लागलेलं. सत्यजीत दुपारपाळीला गेला होता. मामांनी मोटार चालू करायला मला उचललं, रेघ ओढली, आणि त्यांच्या नजरेला ते ॲप पडलं.

"अगं आक्के," ते साखरबाईंना म्हणाले, "ह्यात तर पोरीच पोरी हायत! आन् ह्यो गडी गप बसलाय व्हय?"

साखरबाई गोठ्यात होत्या, त्यांनी ऐकलंच नाही. मामांनी चष्मा लावला आणि अंगणातल्या बाजेवर बसून काम सुरू केलं. त्यांच्या दृष्टीनं ते स्थळांचं दुकान होतं. 'नापसंत करणारं आपण कोण? दाखवून तर ठिवू,' असं पुटपुटत ते प्रत्येक फोटो उजवीकडं सरकवत गेले. समोरून जिचा होकार आला, तिला लगेच बायोडाटा. त्याचा मजकूर त्यांनीच पूर्वी सत्यजीतला पाठवलेला, तो माझ्यात तयारच होता. गेल्या साली छापून गावोगाव वाटलेला. 'मुलाचे नाव, उंची, मामाचे कूळ, बागायत शेती, स्वतःची विहीर, मुलगा निर्व्यसनी व देखणा.' एकदा कुणीतरी त्यांना बोट दाबून ठेवून मजकूर चिकटवायला शिकवलं होतं. बस, तेवढं पुरे झालं. दाबलं, चिकटवलं, पाठवलं. दाबलं, चिकटवलं, पाठवलं. सत्यजीतची जुनी बोलणीही दिसली त्यांना, पण ती त्यांनी वाचली नाहीत हो. दुसऱ्याचं वाचू नये एवढी रीत मामांना आहे. न वाचता त्यातही बायोडाटा चिकटवला.

मी गरम झालो. लाल पट्टी दाखवली, चार्जिंग संपतंय म्हणालो. मामांनी मला वायर जोडली आणि काम चालू ठेवलं. काम झाल्यावर मला फळीवर ठेवत स्वतःशीच म्हणाले, "पिकल्याबिगर बोभाटा करायचा न्हाई." सकाळच्या गाडीनं ते केडगावला परत गेले, समाधानानं.

सकाळी सत्यजीत उठला, चहाचा कप घेऊन ओट्यावर बसला, सायलीला बोलायला म्हणून ॲप उघडलं. समोर एक पांढरा पडदा आला. 'तुमचे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. आपण आमच्या नियमांचे उल्लंघन केले आहे.' कुठले नियम, कसलं उल्लंघन, काही नाही. खाली एक बटण, 'ठीक आहे' म्हणून. काय ठीक आहे, सांगा मला!

त्यानं बंद करून पुन्हा उघडलं. मला बंद करून पुन्हा चालू केलं. पोटातलं कार्ड काढून फुंकर मारून परत घातलं. पांढरा पडदा तोच. मग तक्रारीचा रकाना सापडला, तिथं त्यानं जोडून जोडून इंग्रजीत लिहिलं, की मी साधा माणूस आहे, मी कुणाला वाईट बोललो नाही, माझी चूक सांगा म्हणजे पुन्हा करणार नाही. पाठवतो न पाठवतो तोच उत्तर. इतक्या लवकर तर माणसाला वाचूनही होत नाही. 'आम्ही आपल्या विनंतीचा काळजीपूर्वक विचार केला. निर्णय अंतिम आहे.' काळजीपूर्वक! मला, यंत्राला, त्या यंत्राची लाज वाटली.

मग त्यानं आईच्या नावावरच्या नंबरानं नवं खातं उघडायचा प्रयत्न केला. तेही दारातच अडवलं. तेव्हा मला कळलं, ते नंबर बघत नव्हते, मला बघत होते. माझ्याच कपाळावर शिक्का मारला होता. ज्याच्या हातात मी, त्याला आत प्रवेश नाही.

सायलीकडं आता जायला वाटच उरली नाही. नंबर नाही, पत्ता नाही. तिच्या बाजूनं सत्यजीत एकाएकी नाहीसा झाला होता. तिच्या आधीच्या माणसासारखाच, काही न सांगता. हे त्याला कळत होतं, आणि तेच त्याला खात होतं. दौंडातल्या दवाखान्यांत चौकशी करावी असं एकदा मनात आलं, पण मग स्वतःशीच म्हणाला, "न्हाई. बाईमाणसाला आसं हुडकत फिरणं बरं दिसत न्हाई." मला त्याचा अभिमान वाटला.

मित्रांनो, एखाद्याला कारण न सांगता शिक्षा केली की तो कारणं स्वतःच बनवत बसतो. सत्यजीतचं तसंच झालं. 'तुमचा आवाज कसा असेल, असं लिवलं होतं, ते वंगाळ दिसलं का?' 'माझ्या फोटोत मी गुंडावाणी दिसतो का?' असं तो मला तोंडासमोर धरून बोलायचा, आणि माझ्या डोळ्यातून स्वतःचा चेहरा बघायचा. साखरबाईंनी विचारलं, "का रं जेवत न्हाईस?" तर म्हणाला, "दात दुखतोय." मला सगळं ठाऊक होतं. बाज, चष्मा, दाबलं-चिकटवलं, सगळं. पण आम्हाला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि काय विचारायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. असं ओझं वाहण्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं, असं वाटायला लागलं.

रविवार उजाडला. निळा शर्ट घातला. मला म्हणाला, "ती येणार न्हाई. पण आपुन सांगितलंय तर जायचं." मला खिशात घातलं आणि मोटारसायकल काढली. उसाच्या ट्रॉल्यांमागून रडतखडत, भीमेचा पूल ओलांडून, आम्ही दौंडला पोचलो.

आणि सायली आली होती.

कोपऱ्यातल्या टेबलाशी ताठ बसली होती. सत्यजीत हरखून पुढं झाला, तर तिनं हातानंच थांबवलं.

"मी चहा प्यायला आले न्हाई," ती म्हणाली. "तोंडावर सांगायला आले. माझं लग्न मोडलं तेव्हा मला कुणाच्या तोंडावर बोलता आलं नव्हतं. म्हटलं, ह्या वेळी बोलायचं."

"काय झालं?" सत्यजीतनं विचारलं.

"काय झालं? मंगळवारी तुमचा बायोडाटा आला. मुलगा निर्व्यसनी व देखणा. मी म्हटलं, असू दे, गंमत केली आसंल. तर सुषमा, माझ्याबरोबरची सिस्टर, तिनं तिचा फोन दाखवला. तिला पण तोच. शब्दाला शब्द. विहिरीसकट!" तिचे डोळे भरले, आणि डोळे भरले म्हणून तिला जास्तच राग आला. "मग ते डबा खाल्ला का म्हणून विचारत होता, ते पण सगळ्यांना टाकलेलं का? मी काय येडी म्हणून तुम्हाला सगळं सांगत बसले होते?"

सत्यजीतनं मला टेबलावर ठेवलं. त्याला दाखवायचं होतं, की बघा, मी फक्त तुमच्याशीच बोललो. त्यानं ॲप उघडलं. पांढरा पडदा. तिच्याशी बोललेलं एकूण एक अक्षर त्या पडद्यामागं अडकलेलं. त्याची साक्ष द्यायला मी समोर होतो आणि माझ्या तोंडात बोळा होता.

"मला बंद केलंय त्यांनी," तो म्हणाला. "कारण न्हाई सांगितलं. आन् बायोडाटा मी न्हाई टाकला. आईची शप्पत. फोन तर माझ्याजवळ नव्हताच, घरी..." तो थांबला. निर्व्यसनी व देखणा, हे शब्द कुणाचे ते त्याला एकदम उमगलं. त्यानं नंबर लावला आणि माझा आवाज मोठा केला.

"बोल सत्या!" पोपटमामांचा आवाज अख्ख्या हॉटेलात घुमला.

"मामा, माझ्या मोबाईलवरनं पोरींना बायोडाटा तुम्ही टाकला का?"

"व्हय, म्याच!" मामा आनंदानं म्हणाले. "लागला का गळाला मासा? किती जनींना टाकला म्हनून सांगू! बोट दुखाया लागलं."

"मामा, आसं सगळ्यांना एकच टाकतं का कुणी?"

"आता गं बया! मंग काय हरेकीला येगळा छापायचा? धा दारं ठोठावावी तवा एक उघडतं, बाबा. तू तर एका दारात उभा ऱ्हाऊन आत हाक मारायची पन लाजतोस. आन् आईक, ती दौंडची नर्स बरी वाटली मला फोटूत. तिला म्या दोनदा टाकलाय!"

सायलीनं तोंडावर ओढणी दाबली. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. मग हसू फुटलंच तिला, आणि हॉटेलवाला सुद्धा फडकं थांबवून बघायला लागला. सत्यजीत मात्र हसला नाही. त्यानं फोन ठेवला आणि मान खाली घालून बसला. फार दमला होता तो.

हसू ओसरल्यावर ती हळू म्हणाली, "तुमची तक्रार मीच केली. मी आन् सुषमानं, दोघींनी. बटण दाबलं, आन् हे गेले म्हणून सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला कायमचंच काढतील हे ठाऊक नव्हतं." मग जरा थांबून, "मला न सांगता सोडलं होतं. मी पण तुम्हाला न सांगताच सोडलं. चुकलं माझं."

सत्यजीतनं मान वर केली. "मी सगळे दिवस हाच विचार करत हुतो, की माझ्यात काय वाईट हाय," तो म्हणाला. "राग न्हाई आला. कारण कळलं, लई बरं वाटलं."

त्याच्या तक्रारीला त्या ॲपच्या कंपनीकडून आजतागायत दुसरं उत्तर आलेलं नाही. दोघींच्या तक्रारीनं खातं गेलं, की मामांच्या चिकटवण्यानं, देव जाणे. पण समोर बसलेल्या माणसानं 'मी केलं, यासाठी केलं' असं म्हटलं, आणि माझ्यासमोर एक खचलेला गडी पुन्हा ताठ बसला. मित्रांनो, एवढंच तुमच्याजवळ मागणं आहे. कुणाला दाराबाहेर काढायचंच असेल तर काढा, तुमचं दार आहे. पण दार लावण्याआधी त्याला कारण सांगा. आणि हो, दुसऱ्याचा मोबाईल न विचारता उचलू नका, मग तुमच्या मनात कितीही माया असो.

चहा मागवला गेला. दुसराही मागवला. निघताना सत्यजीतनं लाजत लाजत विचारलं, "नंबर देता का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझी तडकलेली काच, माझा रबरबँड, सगळं पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्या फोनात तुमचं सगळं घर बसलंय, मामांसकट. पुढच्या रविवारी इथंच या. पण हा घरी ठेवून या. तुम्ही एकटे या."

तेव्हापासून मी रविवारी घरीच असतो. फळीवर. सत्यजीत आंघोळ करतो, भांग पाडतो, माझ्याकडं न बघता मोटारसायकल काढतो. दौंडात काय बोलणं होतं, ते मला कळत नाही. मी ते कधी वाहून नेलं नाही, आणि आता नेणारही नाही. संध्याकाळी तो परत येतो तेव्हा दारातूनच आईला हाक मारतो, "काय केलंयस जेवायला?" आणि ताटावर बसला की दोन भाकरी जास्तीच्या खातो. मला ताटाशेजारी ठेवत नाही.

कधीमधी रविवारी पोपटमामांचा फोन येतो. मी वाजतो. साखरबाई रानात असतात, घरात कुणी नसतं. पहिल्यांदा मला फार एकटं वाटलं होतं, आता नाही वाटत. मी पुरता वाजतो, मग गप्प होतो, आणि उचलायला कुणी नाही म्हणून मनातून खूश होतो.